डोंगराकडं घाल

दिवा
९ फेब्रुवारी १९९४

प्रिय जेरोम,

शाळेत आपल्याला पत्राचा मायना पाठ करून घेतला होता. पण ज्याला सात वर्षांत एक ओळ धाडली नाही, त्याला काय लिहायचं हे काही शिकवलं नव्हतं. म्हणून मायना बाजूला ठेवतो. मी गोमा. दिव्याचा गोमाजी. फाडायचंच असेल तर निदान हे पान वाचून फाड.

परवा कंपनीच्या कामाने माजिवड्याला गेलेलो. नाक्यावर तुझी बहीण डॉरिस दिसली. तिने ओळख दाखवली नाही, आणि तिचं बरोबरच होतं. मीच मागे जाऊन हाक मारली. मग भर उन्हात पाऊण तास उभे होतो. तुझा नाशिकरोडचा पत्ता तिने तिसऱ्यांदा मागितल्यावर दिला, तोही पिशवीतल्या बिलाच्या पाठीवर लिहून.

क्लेमेंटिनामावशी पडल्याचं तिच्याकडून कळलं. खुब्याचं हाड मोडलंय, दिवाळीपासून खाटेवरच आहेत आणि दिवसातून दहा वेळा लेकाचं, तुझं नाव घेतात म्हणाली. मी विचारलं, मग जेरोम येत का नाही? तेव्हा तिने मार्सेलकाकांची अट सांगितली. ‘ज्या पोराचा पाय तुझ्यामुळे गेला, त्याने स्वतः बोलावलं तरच ह्या घराची पायरी चढ.’ सख्खा बाप असं म्हणाला आणि तू ते पाळलंस. मला हे ठाऊक नव्हतं रे. तू धंद्यासाठी नाशिकला गेलास असंच मी धरून चाललो होतो. म्हणजे तसं धरून चालणं मला सोयीचं होतं.

आमच्याकडचं सांगतो. बाबा एकोणनव्वदला गेले. आई अजून डोंबिवलीच्या बाजारात टोपली घेऊन बसते, गिऱ्हाइकाशी भांडली नाही तर तिला जेवण जात नाही. धाकट्या भिवाचा पाय दीड इंच आखूड राहिला. अपंगांच्या कोट्यातून त्याला स्टेशनाबाहेर पीसीओचा बूथ मिळालाय. चांगला चालतो. ब्याण्णवला लग्न झालं, सरोज नाव तिचं, मुंब्र्याच्या बाजूची, शहाणी मुलगी आहे.

माझ्या मनात तुझ्याविषयी राग नाही. झालं ते झालं. ब्रेकचं रबर कोणाचंही खराब निघू शकतं. मी भिवाशी बोलून बघतो. तू आईला भेटायची तयारी ठेव.

तुझा
गोमा


दिवा
६ मार्च १९९४

प्रिय जेरोम,

तुझं कार्ड आलं. दोनच ओळी. आईला आता उठून बसवतात का, आणि थंडीत भिवाचा पाय दुखतो का. बाकी चकार शब्द नाही. माझ्या पत्रातल्या त्या रबराच्या वाक्यावर तू काहीतरी बोलशील म्हणून मी चार वेळा कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. पायाचं उत्तर देतो. थंडीत दुखतो. सरोज मीठ गरम करून शेकते.

भिवाशी अजून बोललो नाही. विषय काढायला गेलो की तो बूथच्या तक्रारी काढतो. तुझं नाव आमच्या घरात कोणी घेत नाही, हेही तुला सांगून टाकतो.

पण तुझं कार्ड आल्यापासून तो दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सत्त्याऐंशीचा एप्रिल. भिवाने पहिल्या बोनसमधून नवी सायकल घेतली आणि नव्या होडीसारखी तिची पहिली फेरी एकवीरेला न्यायची असं आईने ठरवून टाकलं. दिवा ते कार्ला, घाट चढून, आणि त्याच दिवशी परत. बाबा म्हणाले होते, ट्रकने जा. ऐकलं का आपण? तू तर तीन रविवार आमच्या अंगणात बसून तिन्ही सायकली उघडल्यास. भिवाच्या नव्या सायकलीची ब्रेकची कंपनीची रबरं काढून तू तुझ्या सायकलीच्या दुकानातली घातलीस, म्हणालास ह्या रबरांवर घाट उतरायचा नाही. मी तेव्हा तुझी थट्टा केली होती, की तू देवीला चाललायस की आरटीओला.

पहाटे तीनला निघालो. शीळफाट्याला चहा. पनवेलला उजाडलं. भिवा सतत पुढे, मी मध्ये, तू मागे. तू मागे का राहायचास ते मला तेव्हा कळलं नाही. कोणाची चेन उतरली, कोणाला पेटके आले, तर मागचाच माणूस पोहोचतो. खोपोलीच्या पुढे घाट लागला तसा माझा दम सुटला. आम्ही खाडीतली माणसं, वल्हं मारायला सांग, दिवसभर मारू. पण जमीन अशी तोंडावर उभी राहिली की काय करायचं ते आमच्या अंगात नाही. तू बाजूला आलास आणि म्हणालास, वर बघू नको, चाकाकडे बघ, चाक फिरतंय ना, मग झालं. शिंग्रोबाच्या देवळाशी मी रस्त्यावर आडवाच झालो. तू तुझ्या बाटलीतलं अर्धं पाणी माझ्या डोक्यावर ओतलंस आणि अर्धं मला पाजलंस. स्वतःला राहिलंच नाही. शिंग्रोबाला तिघांनी हात जोडले, तूसुद्धा.

मी ह्याचे कधी आभार मानले नाहीत. दोस्तात आभार कसले, असं म्हणतात खरं, पण नंतर मी दोस्तीही ठेवली नाही, तेव्हा आभार तरी मानायला हवे होते. आज मानतो. तो घाट मी तुझ्या जिवावर चढलो.

वर खंडाळ्याला वारा लागला तेव्हा भिवा दोन्ही हात सोडून सायकल चालवत होता आणि आपण दोघं त्याला शिव्या घालत हसत होतो. माझ्या आयुष्यातला इतका चांगला तास मला दुसरा आठवत नाही. दुपारी कार्ल्याला पोहोचलो. तुम्ही दोघं पायऱ्या चढून वर गेलात. मी सायकलींपाशी खाली थांबलो.

पुढचं तुला माहीतच आहे.

गोमा


८ मार्च, त्याच पत्रात

सहा तारखेचं पत्र अजून खिशातच आहे. दोन दिवस पोस्टाच्या पेटीवरून जातोय नि येतोय. ‘पुढचं तुला माहीतच आहे’ असं लिहून मी पुन्हा सटकलो, हे पेटीशी गेलं की कळतं. तर लिहितो.

तुम्ही वर गेलात तेव्हा माझ्याकडे आईने दिलेली बाटली होती. मुशी माशाच्या काळजाचं तेल. आमच्यात नव्या होडीला ते हाताने चोपडतात. बोटभर जागा कोरडी ठेवायची नाही, कोरडं राहिलं तिथून पाणी शिरतं. आईने बजावलं होतं की देवीच्या पायथ्याशी नव्या सायकलीला तेल लाव. तिला सायकलीतलं काय कळतंय. पण मी फिटर, जेरोम. आयटीआयमध्ये तुझ्याच बाकावर बसून शिकलेला फिटर. आणि मी त्या सायकलीला होडीसारखं तेल लावलं. दांडीला लावलं, मडगार्डला लावलं, मग दोन्ही रिमांना आतून-बाहेरून, एकेक तार धरून. मन लावून लावलं. भावाची वस्तू म्हणून बोटभर जागा कोरडी ठेवली नाही.

भिवाला वास आला नाही. आमच्या कपड्यांनाच तो वास असतो. आणि भिवाला ब्रेक लावायची सवय कुठे होती? लोणावळ्यापर्यंत सपाटच. घाटाच्या उतारावर पहिल्या दोन वळणांना तो ओरडत, गाणी म्हणत गेला. तिसऱ्या वळणाआधी त्याचं ओरडणं बदललं. तेलकट रिमवर रबरं धरतच नव्हती.

तो दरीच्या बाजूला चालला होता. मी तुला हे कधी बोललो नाही, पण मला कळलं होतं का ते. होडी हातातून सुटली की आमचा माणूस खडकापासून लांब पळतो, मोकळ्या पाण्याकडे. भिवाचे हात त्याला मोकळ्या बाजूला नेत होते आणि मोकळ्या बाजूला दरी होती. माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही. तूच ओरडलास. ‘भिवा, डोंगराकडं घाल! डोंगराकडं!’ आणि त्याने घातली. गटारात चाक अडकलं, कातळावर आपटला, मांडीचं हाड दोन ठिकाणी गेलं. पण तो जगला. आज बूथवर बसून माझ्याशी पैज लावतो, सरोजशी भांडतो, आईला चिडवतो, ते सगळं तुझ्या त्या एका ओरडण्यामुळे आहे. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, कारण हे सांगितलं की पुढचं सांगावं लागलं असतं.

पुढचं हे. मी भिवाचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि तू सायकल उचललीस. रिमवर बोट फिरवलंस. बोट नाकाशी नेलंस. मग तू माझ्याकडे पाहिलंस. तू माजिवड्याचा असलास तरी तुझं आजोळ वसईच्या किनाऱ्याचं, तुला तो वास सांगायला नको. ट्रकवाले थांबून खाली उतरेपर्यंत तू अंगातला बनियन काढून दोन्ही रिमा पुसल्यास आणि तो बनियन दरीत टाकलास. एवढंच म्हणालास, “रबरं माझी होती. मी बघतो काय ते.”

खोपोलीच्या दवाखान्यात बाबांनी सगळ्यांसमोर तुझ्या थोबाडीत मारली. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तू गालाला हातसुद्धा लावला नाहीस. मग दुकानावर गिऱ्हाईक येईनासं झालं. हलका माल लावून पोराचा पाय घालवला, असं लोक बोलायला लागले आणि तुझ्या घरचेही. मी बोलत नव्हतो, पण ऐकत होतो.

अजून एक उरलंय, ते तुलाच ठाऊक आहे आणि मला. भिवा सहा महिने प्लास्टरमध्ये होता तेव्हा तू दोनदा दिव्याला आलास. पहिल्यांदा चिकू घेऊन. मी तुला गावाच्या वेशीवरच गाठलं आणि सांगितलं की भिवा तुझं तोंड बघायला तयार नाही. त्याने असं काही म्हटलं नव्हतं. तू समोर आलास तर काही बोलशील ह्याची मला भीती होती. दुसऱ्या खेपेला तू विचारलंस, त्याला माझा निरोप तरी दे. मी हो म्हणालो आणि दिला नाही.

‘माझ्या मनात राग नाही’ असं मी तुला गेल्या महिन्यात लिहिलं. कोणत्या तोंडाने लिहिलं कोण जाणे.

आता हे पत्र मी पेटीत टाकणार. आणि भिवाला सांगणार.

गोमा


दिवा
२७ मार्च १९९४

प्रिय जेरोम,

तुझं उत्तर वाचलं. पाच वेळा वाचलं. ‘तेलाचं मला तिथेच कळलं होतं. तुम्ही दोघं भाऊ एका घरात राहता, एका ताटात जेवता. मी काय, दुकान कुठेही लावीन. भिवाला सांगू नकोस.’ असं लिहायला माणसाला किती मोठं व्हावं लागतं, मला अंदाज नाही. मी कंपनीत पत्र घेऊन गेलेलो, जेवणाच्या सुट्टीत बॉयलरमागे जाऊन रडलो. प्रभाकर सुपरवायझर विचारायला आला तर डोळ्यांत केमिकल गेलं सांगितलं, त्याने मला बळंच नळाखाली धरलं.

तुझं ऐकणार नाही, जेरोम. सात वर्षं तुझं ऐकलं, म्हणजे तुझ्या गप्प बसण्याचा फायदा घेतला. मावशी खाटेवर आहेत. तुझं येणं एकट्या भिवाच्या शब्दावर अडलंय आणि त्याचा शब्द मी अडवून ठेवलाय. मला भीती वाटते, ती खोटी नाही. भिवा मला फार मानतो. पगार वाढला की आधी मला सांगायचा, लग्नाची मुलगी आधी मला दाखवली. ते जाईल. जाऊ दे. येत्या रविवारी सांगतो.

गोमा


दिवा
२० एप्रिल १९९४

प्रिय जेरोम,

सांगितलं. उशिरा कळवतोय, कारण कळवण्यासारखं नक्की काय झालं तेच समजत नव्हतं.

रविवारी दुपारी जेवायला बसलो होतो. आई, सरोज, भिवा, सगळेच. कालवण वाढून झालं आणि मी बोलायला लागलो तो थांबलोच नाही. बाटली, रिमा, तुझा बनियन, तुझं ओरडणं, वेशीवरचे चिकू. भिवाचा घास हातातच राहिला. त्याने दोन गोष्टी विचारल्या. बाबांना हे माहीत होतं का? मी म्हटलं, नाही. मग म्हणाला, “जेरोम दोनदा आलेला? दोनदा?” मी हो म्हटलं. तो ताटावरून उठला, हात धुतला, चपला घातल्या आणि रविवार असून बूथवर निघून गेला. त्या दिवसापासून माझ्याशी बोललेला नाही. अठरा दिवस झाले. काही सांगायचं असलं तर सरोजकडून सांगतो. मी दारातून आत आलो की तो मागच्या दाराने पडवीत जातो.

आईने भिवाचं ताट झाकून ठेवलं. मग मला म्हणाली, “तेल मीच दिलता ना रं. मना कदी सांगला पन नाय.” मी म्हटलं, तू होडीचं सांगितलंस, सायकल मला कळायला हवी होती. तिने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजाराला न जाता ताजी कोळंबी नि निवट्या टोपलीत घेऊन थेट माजिवड्याला गेली. मी सोबत येतो म्हटलं तर नको म्हणाली. तिकडचं मला डॉरिसकडून कळलं. मार्सेलकाका दारात आले, तर आईने उभ्या उभ्याच सांगितलं की तुमच्या पोराचा काही दोष नाही, तेल माझं होतं आणि हात माझ्या पोराचा. काकांनी आतून खुर्ची आणली, तिला बसवलं आणि स्वतः पायरीवर बसले. आई क्लेमेंटिनामावशींच्या खाटेशी संध्याकाळपर्यंत होती. कोळंबी तिनेच सोलली, तिनेच शिजवली, मावशींना भरवली.

पण काका डॉरिसला नंतर म्हणाले, मी पोराला हाकलला आणि आता मी कोणत्या तोंडाने बोलावू? आणि तू तर तुझ्या पत्रात लिहूनच ठेवलंयस की भिवाच्या पाठीमागे चोरून येणार नाहीस, त्याने बोलावलं तरच. म्हणजे फिरून सगळं भिवापाशीच आलंय, आणि भिवा गप्प आहे. मी त्याला दोष देत नाही. तेलाचं त्याने कदाचित पचवलं असतं. मी खाली मान घालून घरात वावरतो आणि खरं सांगू, वाईट वाटतं तरी हलकं वाटतं. सात वर्षांत पहिल्यांदा तो लंगडत जाताना मी त्याच्या पायाकडे सरळ बघू शकलो.

जेरोम, जे काही होईल ते होवो, मला तुझे आभार मानायचे आहेत आणि ते नीट मानता येत नाहीत. तू माझ्या भावाचा जीव वाचवलास, आणि मग तो भाऊ सात वर्षं माझा राहू दिलास. तुझं दुकान, तुझं घर, तुझी आई, सगळं त्यापायी गेलं, आणि कार्डावर तू विचारतोस काय, तर थंडीत त्याचा पाय दुखतो का. मी देवळात जातो तेव्हा हल्ली काही मागत नाही. तुझं नाव घेतो आणि परत येतो.

आता पत्र बंद करतो. सरोज येऊन सांगतेय की चिकटवू नका, त्यांना दोन ओळी लिहायच्यात. मी पत्र तिच्या हातात देऊन बाहेर अंगणात जातो.

तुझा
गोमा


जेरोम,

भिवाजी लिहितोय. वरचं वाचलं नाय, ते दादूसचं नि तुझं. त्याच्याशी मी बोलत नाय. कधी बोलेन ते ठाऊक नाय.

तेलाचं मला काय नाय. तेल माझ्यासाठीच लावलेलं. पण प्लास्टरात पडलेलो तेव्हा सहा महिने खाट दाराकडे तोंड करून लावायला लावली होती. आईला वाटायचं वाऱ्यासाठी. मी तुझी वाट बघायचो. पायाचा राग मला एवढा कधीच नव्हता. तू एकदा पण आला नाहीस त्याचा होता. त्या रागात डॉरिससमोर तुझ्याबद्दल जे जे बोललो ते सगळं तिने ऐकलंय. ते मी परत घेतो.

मार्सेलकाकांना काल बूथवरून फोन लावला, त्यांच्या शेजारच्या नंबरावर. सांगितलं, ज्याचा पाय गेला तो बोलतोय, आणि मी जेरोमला बोलावलंय. काका फोनवर काय बोलले नाय, पण त्यांनी फोन ठेवला पण नाय. मीटर चालू होता, मी पण ठेवला नाय.

आधी आईकडे जा. मग दिव्याला ये. वेशीवर कोणी थांबवणार नाय, दार मी उघडतो.

भिवा